हरलेल्या गेमचा रिप्ले कोण बघतं?

"लॅग होता." "कंट्रोलरचं बटन अडकतंय." "तो एकच लात मारत बसतो, याला काय खेळणं म्हणतात?" टेकन किंवा स्ट्रीट फायटर खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात अर्धा तास उभं राहिलात, तर ही तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. "मला नेमकं कशाने मारलं ते कळलं नाही, परत करून दाखव ना," हे चौथं वाक्य मात्र क्वचितच ऐकू येतं. या लेखात बोलायचं आहे ते त्या चौथ्या वाक्याबद्दल. फायटिंग गेममध्ये पुढे सरकणारा आणि वर्षानुवर्षं त्याच रँकवर कुरकुरत बसणारा यांच्यातला फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो.

हरल्यावर कारणं सगळेच देतात. क्रिकेटमध्ये अंपायर असतो, खेळपट्टी असते, शेवटच्या ओव्हरला झेल सोडणारा एखादा बिचारा असतो. फ्री फायर किंवा बीजीएमआय हरलो तर स्क्वॉडमधल्या कोणाच्या तरी नावाने खडे फोडता येतात. फायटिंग गेममध्ये पलीकडे एक माणूस, अलीकडे तुम्ही. पत्ते नाहीत, फासे नाहीत, आणि दोघांच्याही समोर तोच पडदा, तेवढीच माहिती. बोट दाखवायला कोणीच उरत नाही, म्हणून मग बोट यंत्राकडे जातं.

शिवाय हरण्याची संख्या बघा. टेकनचा एक सामना दोन-तीन मिनिटांत संपतो. एका संध्याकाळी वीस-पंचवीस सामने सहज होतात. ऑनलाइन रँक्ड खेळत असाल तर यंत्रणा तुम्हाला तुमच्याच ताकदीच्या माणसाशी जोडते, म्हणजे तुम्ही कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे सामने हरणारच. शाळा-कॉलेजात एखादा मुलगा दहा-बारा वर्षांत जितक्या वेळा उघडपणे हरतो, त्याहून जास्त वेळा तो इथे एका आठवड्यात हरतो. एवढ्या हरण्याचं काय करायचं हे त्याला घरात, शाळेत, मोहल्ल्यात कोणी शिकवलेलं नसतं. मग तो ते कंट्रोलरवर काढतो.

आपल्या मोहल्ल्यांना हा खेळ तसा नवा नाही. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' नावाचा गेम आणला. भारतात हे नाव कोणाला ठाऊक होतं? त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावरून सगळे त्याला 'मुस्तफा'च म्हणायचे. त्यात दोघं मिळून गुंडांना मारायचे. त्याच्या शेजारच्या मशीनवर 'किंग ऑफ फायटर्स ९७' असायचा, तिथे मात्र दोघं एकमेकांना मारायचे. नाणं टाका, खेळा, हरला तो उठला. जिंकणारा त्याच नाण्यावर बसून राहायचा. पुढे प्लेस्टेशनची पार्लरं आली, ताशी भाडं आलं, टेकन ३ आला आणि त्याच्यासोबत एडी गोर्डो आला. एडी घेऊन नुसती लातांची बटणं बडवणारा पोरगा प्रत्येक पार्लरमध्ये एक तरी असायचाच, आणि चार महिने घाम गाळून कॉम्बो शिकलेल्यांना तो लीलया झोपवायचा. "एडी घ्यायचा नाही" असा नियम किती पार्लरांमध्ये झाला असेल, देव जाणे!

त्या खोल्यांमध्ये एक गोष्ट चांगली होती, आणि ती कोणी ठरवून केलेली नव्हती. हरलेला उठून रांगेत मागे जायचा. नंबर येईपर्यंत त्याला दुसऱ्यांचे तीन-चार सामने बघावेच लागायचे. ज्याने आपल्याला मारलं तो दुसऱ्याला तसंच मारतोय का, दुसरा त्यातून कसा सुटतोय, हे आपोआप दिसायचं. कोणीतरी मोठा मुलगा मागून खांद्यावरून सांगायचा, "खाली बस, खाली. ती लात खालून येते." आज तोच मुलगा रात्री एक वाजता हेडफोन लावून एकटा बसलेला असतो. हरला की तीन सेकंदांत पडद्यावर 'रीमॅच' येतो आणि अंगठा तो दाबतो. बघण्याची ती मधली वेळच गेली. ग्राफिक्स सुधारले, इंटरनेट सुधारलं, पण माझ्या मते आपण या बदलात जी रांग गमावली तिची भरपाई अजून झालेली नाही.

आता हरण्यात नेमकी कोणती माहिती असते ते थोडं खोलात जाऊन बघू. ज्यांना यातलं आधीच ठाऊक आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. टेकनमध्ये सर्वांत साधा ठोसा, म्हणजे जॅब, दहाव्या फ्रेमला लागतो. प्रत्येक ठोशाला, प्रत्येक लातेला सुरू व्हायला ठराविक फ्रेम लागतात आणि मारून झाल्यावर सावरायलाही लागतात. समोरच्याची चाल तुम्ही ब्लॉक केली आणि त्याला सावरायला तुमच्यापेक्षा १० फ्रेम जास्त लागणार असतील, तर तुमचा जॅब त्याला लागणारच, त्याला तो अडवताच येणार नाही. हा फरक १५ फ्रेमचा असेल तर बहुतेक पात्रं त्याला हवेत उडवून पूर्ण कॉम्बो मारू शकतात. म्हणजे ज्या चालीला तुम्ही 'चीप' म्हणून शिव्या देता, तिच्या पोटात बहुतेक वेळा एक भोक असतं. ब्रायन फ्युरीची स्नेक एज ही खालून येणारी लात घ्या. नवखे तिच्यावर धडाधड पडतात. पण ती लागायला जवळपास अर्धा सेकंद घेते. माणसाला डोळ्यांनी बघून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. याचा अर्थ ती बघून अडवता येते, आणि अडवली की ब्रायनची पुरती वाट लागते. प्रॅक्टिस मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला दोन चाली शिकवून ठेवता येतात: एकदा स्नेक एज, एकदा मध्यम उंचीचा ठोसा, कधी काय येईल ते यंत्र ठरवतं. पंधरा मिनिटं रोज, आठवडाभर. सुरुवातीला अशक्य वाटणारी गोष्ट सातव्या-आठव्या दिवशी डोळ्यांना दिसायला लागते.

पण सगळ्याच चाली अशा बघून अडवता येत नाहीत. काही खालच्या लाता इतक्या झटपट येतात की तिथे अंदाजच करावा लागतो. म्हणून हरल्यावर पहिला प्रश्न हा, की मी नेमका कोणत्या प्रकारे हरलो? कधी उत्तर ठाऊकच नसतं. ते शोधून काढता येतं, दहा मिनिटांचं काम. कधी उत्तर ठाऊक असतं पण हात वेळेवर जात नाही. त्याला सराव लागतो, आठवडे लागतात, इथे स्वतःवर चिडून काहीच मिळत नाही. आणि कधी दोन पर्यायांपैकी तुम्ही शहाणपणाचा निवडता, समोरचा नेमका दुसरा करतो. ही तिसरी हार मुळात चूकच नसते. तोच निर्णय उद्याही घ्यायला हवा. तरीही लोक सर्वांत जास्त भडकतात ते या तिसऱ्या प्रकारावर, आणि ज्या पहिल्या प्रकाराला दहा मिनिटांत औषध आहे तो मात्र वर्षभर तसाच राहतो. टेकन ८ मध्ये तर रिप्ले मध्येच थांबवून त्या क्षणापासून स्वतः खेळून बघण्याची सोय आहे. बघताना शेवटचा फटका बघू नका. आयुष्याची पट्टी संपली तो फटका दिसायला मोठा असतो, पण खरी गडबड बहुधा त्याच्या दोन सेकंद आधी, तुम्ही उगाच पुढे धावलात तिथे झालेली असते.

एका बैठकीला एकच गोष्ट धरावी. आज फक्त ती लात अडवायची. दहा सामने हरलात आणि ती लात सहा वेळा अडवली, तर आजचा हिशोब जमेचा. याला उलटी गोष्ट म्हणजे रँकची भीती. बरीच मुलं एका रँकला पोचली की खेळणंच थांबवतात, किंवा दुसरा आयडी काढून खालच्या पोरांना मारत बसतात. हरायला लागल्यावर नेटची वायर उपटणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता लाहोरची गोष्ट. उदाहरण पाकिस्तानचं आहे म्हणून काहींच्या भुवया उंचावतील, आणि आपल्यातले काही जण नाव घेण्याआधी इकडेतिकडे बघतील. टेकनबद्दल बोलायचं तर हे नाव टाळून बोलताच येत नाही, तेव्हा घेऊच. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानच्या फुकुओका शहरात 'इव्हो जपान' ही स्पर्धा झाली. फायटिंग गेमच्या जगात 'इव्हो'चा मान मोठा. टेकन ७ मध्ये तोवर दबदबा कोरिया आणि जपानचा. तिथे लाहोरचा अर्सलान सिद्दिकी, खेळातलं नाव अर्सलान ॲश, येऊन स्पर्धा जिंकून गेला. अंतिम फेरीत त्याने फिलिपिन्सच्या एकेला हरवलं. बहुतेक प्रेक्षकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. व्हिसा आणि विमानप्रवासाच्या कटकटीतून तो कसाबसा वेळेवर पोचला होता. जिंकल्यावर त्याने जे सांगितलं त्यावर लोकांचा आधी विश्वास बसेना. आमच्याकडे माझ्यासारखे बरेच आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. अवैस हनीचं नाव त्याने तेव्हाच घेतलं होतं. ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मुख्य इव्होच्या अंतिम फेरीत त्याने कोरियाच्या नीला हरवलं. नी म्हणजे बे जे-मिन, टेकनमधला कदाचित सर्वांत मोठा माणूस.

त्याच वर्षी नी स्वतः पाकिस्तानात गेला. जगातल्या सर्वोत्तमांमध्ये गणला जाणारा खेळाडू, हातात भरपूर किताब, आणि तो विमानाचं तिकीट काढून कुठे जातो, तर जिथे आपण सर्वांत जास्त हरू शकतो तिथे. तिथल्या अनोळखी पोरांसमोर बसतो, सामन्यांमागून सामने खेळतो, मार खातो, बघतो. मला या सगळ्या कथेत अर्सलानच्या विजयापेक्षाही हा प्रवास मोठा वाटतो. आपल्याकडे एखाद्या नावाजलेल्या माणसाला गल्लीतल्या पोराकडून काही शिकायचं असेल तर तो आधी चार वेळा विचार करेल की लोक काय म्हणतील. नीने २०२२ साली लास वेगासची इव्हो जिंकली. लाहोरच्या त्या दिवसांचा त्यात किती वाटा, हे मोजता येत नाही. पण हरण्याचं काय करायचं ते त्याला कळत होतं, इतकं दिसतंच.

लाहोरमध्ये इतके चांगले खेळाडू एकाच वेळी कसे तयार झाले? तिथल्या पोरांची बोटं काही वेगळ्या मातीची नाहीत. ते एकमेकांसमोर, एकाच खोलीत, वर्षानुवर्षं खेळले. अर्सलान मूळचा किंग ऑफ फायटर्सचा खेळाडू, म्हणजे आपल्याकडच्या नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्याच परंपरेतला. परदेशी खेळाडूंशी ऑनलाइन नीट खेळता येत नव्हतं, परदेशात जाणं परवडत नव्हतं, म्हणून शेजारच्यालाच हरवायचं, आणि शेजाऱ्याने हरवलं की त्यालाच विचारायचं. एकाने नवा डाव शोधला की आठवड्याभरात सगळ्या खोलीला त्याचा उतारा शोधावाच लागायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासच्या इव्होत टेकन ८ ची अंतिम लढत अर्सलान आणि आतिफ इजाज या दोन पाकिस्तानी खेळाडूंमध्ये झाली. साऱ्या जगातून लोक आले आणि शेवटी एका देशातले दोघं उरले. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात, भाषणांत छान वाटतात. ही गोष्ट मात्र खोलीची आहे.

याच गोष्टीत अजून एक धागा आहे आणि तो आपल्या तरुणांसाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्सलानवर आणि त्याच्या देशातल्या इतर खेळाडूंवर व्हिसा वेळेवर न मिळाल्यामुळे स्पर्धा हुकण्याचे प्रसंग आले. यात त्यांचा काय दोष? पासपोर्टचा रंग बघून दार बंद होतं, ही सरळ सरळ नाइन्साफी आहे. ती नाइन्साफी आहे असं मोठ्याने म्हटलंच पाहिजे, त्यावर लिहिलं पाहिजे, ज्यांच्या हातात काही आहे त्यांना जाब विचारला पाहिजे. पण एकदा खुर्चीत बसल्यावर समोरच्याची लात तेवढ्याच फ्रेममध्ये येते. तिथे व्हिसाचा राग कामाला येत नाही.

दोन वेगळ्या वह्या ठेवायला हव्यात. एकीत जे माझ्या हातात नाही आणि जे अन्यायाचं आहे ते. दुसरीत जे माझ्या हातात आहे आणि मी अजून केलेलं नाही ते. आपल्यातल्या बऱ्याच मुलांच्या हातात एकच वही असते. काहींच्या वहीत सगळं पहिल्या प्रकारचं: आपल्याला कोण पुढे जाऊ देणार, नाव बघूनच अर्ज बाजूला टाकतात. हे खोटं नाही, घर भाड्याने शोधलेल्या कोणालाही विचारा. पण मग ज्या परीक्षेचा पेपरच सोडवलेला नव्हता तीही त्याच वहीत जाते. उलट काहींच्या वहीत सगळं दुसऱ्या प्रकारचं. त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की तूच कमी पडलास, अजून मेहनत कर, तक्रार करू नको. तो मुलगा बंद दारालाही स्वतःची चूक समजतो आणि आतून खचत जातो. लॅग खरोखर असतो. कधी कधी हरण्याचं कारण खरंच लॅग असतं. प्रश्न इतकाच, की आजच्या वीस सामन्यांपैकी किती?

नावावरूनच आठवलं. व्हॉइस चॅटवर एखाद्याचं नाव मुस्लिम दिसलं की सुरू होणाऱ्या शिव्या हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सामना हरलेला असतो, डोकं तापलेलं असतं, वरून कानात धर्माच्या नावाने घाण. अशा वेळी उत्तर देण्याची खुमखुमी येते. देऊ नका, म्यूट करा, रिपोर्ट करा, गेम पुन्हा सुरू करा. त्याचा विचार बदलणं हे तुमचं रात्री एक वाजताचं काम नाही. पण आरसाही बघूया. आपली पोरं हरल्यावर समोरच्याच्या आई-बहिणीवर जातात तेव्हा ते काय असतं? आणि समोर मुलगी आहे हे आवाजावरून कळलं की भाषा जिथे जाते, ती इथे लिहिण्यासारखी नाही. आपल्या घरांतल्या मुली खेळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बहिणीच्या फोनमध्ये बघावं, तिची परवानगी घेऊन. त्या खेळतात, चांगल्या खेळतात, मुलाच्या नावाने आयडी काढून खेळतात. पार्लरची ती रांग, खांद्यावरून शिकवणारा तो मोठा मुलगा, हे सगळं त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. त्यांच्यासाठी ती खोली कालही बंद होती, आजही आहे.

हरण्याची एक जुनी चित्रफीत आहे, ती अनेकांनी बघितली असेल. २००४, कॅलिफोर्निया, स्ट्रीट फायटरचा 'थर्ड स्ट्राइक'. जपानच्या दाइगो उमेहाराच्या केनचं आयुष्य जवळपास संपलेलं. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने चुन-लीचा लातांचा सुपर सोडला. त्या गेममध्ये असा वार नुसता ब्लॉक केला तरी थोडं आयुष्य जातं, आणि दाइगोकडे तेवढंही उरलेलं नव्हतं. त्याने ब्लॉक केलं नाही, पंधराच्या पंधरा लाता एकेक करून परतवल्या आणि उलट मारून जिंकला. सभागृह वेडं झालं. कोट्यवधी वेळा ती चित्रफीत बघितली गेली असेल. मात्र तो सामना पराभूतांच्या गटाच्या अंतिम फेरीचा होता, म्हणजे दोघंही त्याआधी एकेकदा हरून तिथे आलेले होते. आणि त्यानंतरची मुख्य अंतिम लढत दाइगो हरला. जस्टिन वाँगचं काय झालं? ज्याची हार जग पुन्हा पुन्हा हसत बघतं तो माणूस लाजून घरी बसला नाही, पुढे अनेक वर्षं खेळत राहिला, मोठ्या स्पर्धा जिंकत राहिला. दाइगो मधली काही वर्षं खेळ सोडून वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम करत होता, नंतर परत आला.

बहुतेक मोठ्या फायटिंग स्पर्धांमध्ये हा पराभूतांचा गट असतो. एकदा हरलात की बाहेर नाही, खालच्या फळीत जाता, तिथून लढत लढत अंतिम फेरीपर्यंत येऊ शकता. दुसऱ्यांदा हरलात की घरी. आपल्या घरांत ही खालची फळी कुठे आहे? बारावीला किंवा नीटला एकदा गुण कमी पडले की नातेवाइकांत त्या मुलाचं नाव घेणं बंद होतं, त्याला लग्नाला नेत नाहीत, कोणी विचारलं तर अम्मी विषय बदलते. मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. गुणपत्रिका कपाटात जाते, उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येत असली तरी कोणी मागवत नाही. कुठे गुण गेले, माहीत नव्हतं म्हणून गेले की वेळ पुरला नाही म्हणून, हे बघायला कोणाला धीर होत नाही. म्हणजे हरलेल्या गेमचा रिप्ले आपण घरातही बघत नाही, मग ते पोरगं पडद्यावर कुठून बघेल?

हे आपल्या मातीत नव्हतं असं मात्र नाही. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात. हा शब्दच अरबी, उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने तो उचलून लाल मातीला चिकटवला आणि तिथे मुस्लिम पैलवान आणि मराठा पैलवान पिढ्यान् पिढ्या एकाच हौद्यात घुमले. तालमीत रोज कोणीतरी चितपट होतं. त्याचा गवगवा होत नाही. वस्ताद त्याच डावाची पकड पुन्हा घ्यायला लावतो आणि पाय कुठे चुकला ते दाखवतो. जोडीदार तुम्हाला पाडतो तो तुमचा अपमान करायला नाही, उद्या मैदानात कोणी परका पाडेल म्हणून. खोट्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरतात.

एक फरक इथेच करून टाकू, कारण वडीलधारे हमखास विचारतात की हा सगळा जुगाराचाच प्रकार ना? नाही. पैसे लावून खेळायच्या रमीच्या ॲपवर हरणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे गेलेले पैसे परत मिळवायला माणूस अजून पैसे टाकतो आणि कर्जात जातो. तिथल्या हारीतून शिकण्यासारखं एकच असतं, की ॲप काढून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यात पैशांचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. घरात वाद झाला तर हे सांगता येईल. मात्र रात्रभर जागून सकाळचं कॉलेज बुडवत असाल तर या कायद्याचा आधार घेऊ नका.

आणि 'आता माझं वय झालं, रिफ्लेक्स गेले' असं पंचविशीत म्हणणाऱ्यांसाठी: हांगझोच्या आशियाई खेळांत, २०२३ साली, स्ट्रीट फायटर ५ मध्ये सुवर्णपदक घेतलं ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने. त्याचं वय ४४ होतं. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास तिथे खेळले, पदकापर्यंत पोचले नाहीत. त्यांचे सामने आपल्याकडे किती जणांनी बघितले?

तर मग खोलीचं काय? ज्या वस्तीत एक शादीखाना आहे, एक अभ्यासिका आहे, तिथे जागा नाही हे कारण टिकणार नाही. शादीखाना लग्नाचा मोसम सोडला तर आठवड्यातले बरेच दिवस कुलपातच असतो. एक जुना कन्सोल, दोन कंट्रोलर, एक टीव्ही. तीन-चार घरांत मिळून हे सामान आधीच पडलेलं असतं. रविवारी दुपारी दोन तास. नियम मोजके: हरला तो उठून रांगेत जाईल, जिंकलेला त्याला एक गोष्ट सांगेल आणि सांगितल्याशिवाय पुढचा सामना सुरू होणार नाही, शिवी दिली की त्या दिवसापुरतं बाहेर. अभ्यासिकेत शिकवायला येणारा एखादा मोठा भाऊ किंवा बाजी बसली तर उत्तम, त्यांना गेम येत नसला तरी चालेल. उलट त्यांना हरताना बघणं लहान मुलांसाठी बरंच आहे. आणि वेळ ठरवताना मुलींना आधी विचारा. रविवार दुपार त्यांना घरकामामुळे जमत नसेल, तर दुसरी वेळ काढा.